घराच्या मुद्द्यापुरता

यशवंतला शेवटचं भेटायला मी दवाखान्यात गेलो आणि त्याला न भेटताच घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच ठेवून जठारपेठेत त्याच्या घरी पोचलो. माझा असला अवतार पाहून जो दिवसभर हसला असता, तोच पांढऱ्या चादरीखाली होता...

न भेटता का परतलो, हे सांगायचं तर अमरावतीच्या कोर्टापर्यंत मागं जावं लागेल. अकोल्यातली एक सरकीच्या तेलाची गिरणी बुडाली आणि हायकोर्टानं मला तिचा अवसायक नेमलं. अवसायक, म्हणजे लिक्विडेटर. बुडालेल्या कंपनीचं उरलंसुरलं विकून ज्याचं त्याला वाटून देणारा. नेमणूक झाली आणि माझी मान अशी ताठ झाली की बायकोनं मलम आणून ठेवलं. गिरणीमालकाचं अमरावतीला दुमजली घर होतं. नवरा-बायकोचं फाटलेलं, आणि हे घर माझ्या माहेरच्या पैशानं बांधलंय म्हणून बाईंनी तिथल्या कौटुंबिक न्यायालयात दावा लावलेला. माझ्या मते पैसा गिरणीचा, म्हणून घरही गिरणीचं. अशा खटल्यात पडण्याआधी, मला ज्यांनी नेमलं त्या कोर्टाची परवानगी घ्यायची असते. मला ते ठाऊक होतं. पण विचारण्यात वेळ कशाला घालवा, म्हणून अर्ज लिहिला, नवा कोट चढवला आणि गेलो. पाहतो तर बाईंचा वकील यशवंत! चांदूर बाजारच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा.

मी उभा राहिलो आणि कोणी अडवायच्या आत बाईंना विचारलं, "तुम्ही वरच्या मजल्यावर वेगळ्या झोपत होता का? किती वर्षांपासून?" मला फक्त कोणता मजला कोण वापरतं एवढंच हवं होतं. बाईंनी मान खाली घातली, ती पुन्हा वर आली नाही. यशवंत उठला. आवाज न चढवता त्यानं एवढंच म्हटलं, की या गृहस्थांना इथं यायला परवानगी कुणी दिली, ते दाखवावं. माझ्याकडे दाखवायला कोट होता. न्यायाधीशांनी मला बाहेर काढलं.

व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. "सुध्या, तुले घर पाह्यजे होतं ना बे? मंग बाईची अब्रू काहून मोजून राहिला?"

मी नवा कोट काढून हातावर घेतला आणि एसटी स्टँड गाठला.

पुढं मला नेमणाऱ्या कोर्टानं माझी हजेरी घेतली आणि मगच परवानगी दिली, तीही मोजून: घराच्या मुद्द्यापुरतंच हजर राहावं, नवरा, बायको आणि त्यांच्या मुलीबद्दलचं बोलणं निघालं की बाहेर जावं, तिथं कानावर पडलेलं इतरत्र वापरू नये. त्या आदेशाची प्रत यशवंतनं लाल पेन्सिलीनं अधोरेखित करून माझ्या टेबलावरच्या काचेखाली सरकवली. "रोज वाच. गीता समज."

तीन वर्षं तारखा चालल्या. आम्ही दोघं अकोल्याहून एकाच एसटीनं जायचो. खटल्याबद्दल अक्षर काढायचं नाही, हा त्याचा नियम. मूर्तिजापूर आलं की तो डबा उघडायचा. त्यात माझ्यासाठी दोन पोळ्या जास्तीच्या असायच्या, आणि त्या खाता खाता मी किती बावळट आहे हे तो सगळ्या गाडीला सांगायचा. कोर्टात घरातलं काही निघालं की तो माझ्याकडे न बघता पेन दाराकडे करायचा. मी निमूट बाहेर बाकड्यावर. शेवटी घर बाईंचं ठरलं. मी हरलो, आणि परत येताना मला बरं वाटत होतं. निघताना बाई बाकड्यापाशी थांबल्या, "येते" म्हणाल्या. बस, तेवढंच. यशवंतनं ते पाहिलं आणि बडनेरा जाईपर्यंत मला एकही शिवी दिली नाही.

यशवंत गेला त्याच्या आदल्या दुपारी दवाखान्यातून वहिनींचाच निरोप आला होता, की ते आठवण काढून राहिले, येऊन जा. मी गेलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत त्याची मुलगी रडत होती आणि यशवंत खोल गेलेल्या आवाजात म्हणत होता, "रडू नको वो माय." वहिनी त्याचे पाय चोळत होत्या. माझा पाय उंबऱ्यावरच थबकला. नवरा, बायको, मुलगी... इथं आपलं काय काम? मी मागं सरलो आणि व्हरांड्याच्या टोकाला बाकड्यावर बसलो. तासभर बसलो. आवाज थांबेना, तसा उद्या येऊ म्हणून उठलो. खरं सांगतो, घरी जाताना मी स्वतःवर खूश होतो. आयुष्यात एकदा तरी शहाण्यासारखा वागलो होतो.

यशवंतच्या मागचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. परवा मी वहिनींकडे जाऊन हे सगळं सांगून टाकलं. काचेखालची ती प्रतही सोबत नेली होती. का, कोण जाणे. वहिनींनी त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"संध्याकाळपर्यंत दाराकडं पाहत होते," त्या म्हणाल्या. "सुध्या आला का, सुध्या आला का... मी म्हटलं, येऊन राहिले."

त्यांनी प्रत माझ्या हातात परत दिली.

"काय मानूस आहा भाऊ तुमी! तिथं कोनी बलावलं नाही त घुसले, अन् इथं त्यायनं बलावलं त बाकड्यावर बसून घरी गेले."