गाऊनसकट गोधडी

पद्मजाताई आगाशे यांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढले. रेघ केसभर हलली तर कुणाचं तरी स्वयंपाकघर रस्त्यात जातं, हे तिथल्या साहेबांचं वाक्य त्यांनी फार मनावर घेतलं, आणि निवृत्त झाल्यावर ते घेऊनच पार्ल्याच्या घरी आल्या. पोळी गोल झाली नाही तर त्या वाटी ठेवून कडा कापायच्या आणि कापलेलं स्वतः खायच्या. वजन कशाने वाढतंय, हे डॉक्टरांना सांगायची त्यांना लाज वाटे.

अशा बाईने गोधडीच्या वाटेला जाऊ नये, हे त्यांनाही कळत होतं. थोरल्या नातीच्या, मधुवंतीच्या वेळी त्या गेल्या होत्याच. ती गोधडी बारशाला झाली नाही, पहिल्या वाढदिवसाला झाली नाही. पोरगी शाळेत जायला लागली तरी आजी टाके उसवतच होती, आणि शेवटी कापडाची चाळण झाली. आता मुलीला, गंधालीला, दुसरं बाळ झालं होतं. मुलुंडहून तिने फोनवर बजावलं, "बारशाला आणलीस तर आण, आई. नाहीतर मी विकतची घेते. पुन्हा वाट नाही बघणार मी."

शेवटचं वाक्य पद्मजाताईंना चांगलंच झोंबलं. दोन जुन्या सुती साड्या जमिनीवर अंथरून त्या वर बसल्या आणि धावदोरा घालू लागल्या. पट्टी लावून चार ओळी घालायच्या, चष्मा पुसून बघायचं आणि तीन उसवायच्या. या वेगाने बाळ निदान लग्नाच्या मांडवात तरी ही गोधडी पांघरेल, असं त्यांनी स्वतःच स्वतःला ऐकवलं.

शेजारच्या सोनूबाई पालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. नात्यातल्या सात पोरांच्या गोधड्या त्यांनी गप्पा मारता मारता उरकल्या होत्या. पट्टी बघून त्या म्हणाल्या, "पद्मा, बाळ टाके मोजणाराय का गं? मुतणाराय ते त्याच्यावर!"

बारशाच्या आदल्या दिवशी निम्मी गोधडी बाकी होती. पद्मजाताईंनी पट्टी कपाटावर टाकली आणि दुपारपासून मान वर न करता नुसतं शिवत सुटल्या. दिवेलागणीला शेवटची गाठ मारली, दोरा तोडला आणि "झाली!" म्हणून उठल्या. त्यांच्याबरोबर गोधडीही उठली. अंगातला गाऊन वीतभर तिच्यात शिवला गेला होता. अति घाई संकटात नेई, हे घाटातल्या पाट्यांवर आयुष्यभर वाचलं होतं, पण घरात बसल्या जागी अपघात करणाऱ्या त्याच पहिल्या असाव्यात.

गोधडी फरफटवत त्या शेजारच्या दारात गेल्या. "सोनू, वाट लागली!"

सोनूबाई हसता हसता चपलांच्या रॅकवरच बसल्या. पद्मजाताई म्हणाल्या, "दोनच ओळी उसवते. कात्री दे."

"दोन? तुझ्या दोन ओळी मी सहा वर्षं बघतेय. गाऊन काप."

पद्मजाताई स्वतःला पुरत्या ओळखून होत्या. दोन उसवल्या की तिसरी वाकडी दिसणार, मग चौथी. उद्या बारसं व्हायचं आणि आजी पार्ल्यात उसवत बसायची. त्यांनी डोळे गच्च मिटले. "तूच काप. मी बघत नाही." गाऊनला गुडघ्यापाशी चांगली खिडकी पडली.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला गंधालीने गोधडी उलटून पाहिली. मागे जांभळ्या फुलांचा एक तुकडा.

"आई, हे काय?"

"मी," पद्मजाताई म्हणाल्या. "तिथे बसले होते. शिवले गेले."

जमलेल्या बायका खो खो हसल्या. गंधाली हसली नाही. तिरक्या ओळींवरून ती बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "शाळेत जाताना तू माझी वेणी तीन-तीनदा सोडायचीस ना? मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी वाकडंय."

 आपण फक्त वेणी सोडत होतो, असंच पद्मजाताई इतकी वर्षं समजत होत्या.

गंधालीने बाळाला गोधडीवर ठेवलं. वाकताना तिच्या केसांची एक बट सुटून कपाळावर आली. ती मागे सारायला पद्मजाताईंचा हात सवयीने पुढे झाला. त्यांनी बट तशीच राहू दिली आणि लेकीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला.