खोगिराची पुढची बाजू

गणिताच्या मास्तरांना सगळं कॉलेज खोगीरमास्तर म्हणायचं. घोड्याच्या खोगिरासारखा वाकलेला पृष्ठभाग, एका दिशेनं चढणारा, दुसरीनं उतरणारा, ते फळ्यावर पाच रेघांत काढत. बोलता बोलता, वर्गाकडे तोंड ठेवून. एकतीस वर्षं. आता निवृत्तीनंतर कॉलेजनं वेबसाइटसाठी तीच आकृती मागितली होती, दुपारी बाराच्या आत.

लेकीनं समीकरण टाकलं आणि खोगीर पडद्यावर उमटलं. "बाबा, माउसनं धरून फिरवा. जसं ठेवाल तसं पेज उघडल्यावर दिसेल. पुढं मुलं हवं तसं फिरवतील."

मास्तरांनी फिरवलं आणि फसले. खोगीर उलटलं, कलंडलं, चटईसारखं आडवं झालं. आपली बाजू काही केल्या सापडेना.

"सगळ्याच बाजू तुमच्या की," लेक म्हणाली.

"तसं कसं? पुढची एकच असते."

"कोण म्हणतं?"

हे त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटी मास्तरांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, डोळे मिटले आणि पेन्सिलीनं पाच रेघा ओढल्या. हात विसरला नव्हता. पान पडद्याशेजारी धरलं. लेक खोगीर तसूतसूनं वळवू लागली. चार रेघा जुळल्या. पाचवी जुळेना, ती जुळवावी तर दुसरी सुटे.

"बाबा, ही कड इथून दिसतच नाही. मागं झाकली जाते."

"फळ्यावर दिसायची."

"तुम्ही काढायचात म्हणून दिसायची."

मास्तर खुर्चीत टेकले. एकतीस वर्षं, दर वर्षी साठ-सत्तर मुलांच्या वह्या. त्यांतली काही मुलं आता स्वतः शिकवत असतील, तीच पाचवी रेघ ओढत असतील. कोणालाच कसं खटकलं नाही? की खटकलं होतं, आणि आपणच दटावून खाली बसवलं? पहिल्या बाकावरची एक मुलगी आठवली, हात वर केलेली. तिचा प्रश्न मात्र आठवेना.

"पावणेबारा झाले. कुठून ठेवू?"

"वरून."

"वरून नुसता चौकोन दिसेल. कोणाला काही कळणार नाही."

"मला तरी कुठं कळतंय," मास्तर म्हणाले. "ज्याला बघायचंय त्याला फिरवावं लागेल. ठेव तसंच."