खेचरांखालची नोंद

शनिवार, ७ मार्च. भाषांतराची ठरलेली रक्कम ९०० सिंगापूर डॉलर. क्वीन्सटाउनच्या माझ्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी हजर तिघे: मी, मोरीसान आणि मॅडम लिम. मध्ये एक जुनी जपानी वही.

मी जपानी कंपन्यांचे हिशेबी कागद इंग्रजीत आणतो. जपानी पुण्यात शिकलो, धंदा इथे. वही मोरीसानच्या आजोबांची. ते जपानी सैन्यात कोठाराचे कारकून होते. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि सैन्याने चिनी पुरुष वेचून नेऊन मारले. मॅडम लिमचे वडील तेव्हा गेले ते परत आले नाहीत. त्या दोन वर्षांच्या होत्या. घरात वडिलांबद्दल कागदाचा चिटोराही नाही. वहीतली एक नोंद त्याच दिवसाची, त्याच गल्लीची निघाली. पुढच्या महिन्यात पूर्वजांच्या पूजेत ठेवायला तिचं भाषांतर त्यांना हवं होतं, माझ्या सहीनिशी.

नोंद अशी: चिनी पुरुष ४१, लॉऱ्या दोन, परत शून्य. पण ती 'ओझ्याची जनावरे' या सदरात होती, खेचरांच्या खाली. सदर म्हणजे हिशेबातला कप्पा. चुकीच्या कप्प्यात पडलेली नोंद आम्ही उचलून योग्य जागी टाकतो. हाताला पंचवीस वर्षांची सवय. मी 'माणसे' असं नवं सदर केलं, नोंद तिथे नेली, मसुदा दोघांना पाठवला.

सही करण्याआधी मात्र मागची पानं पडताळून पाहिली. ती मांचुरियातली होती. चीनचा तो मुलूख जपानने आधीच बळकावला होता. तिथले चिनी मजूरही वर्षानुवर्षं खेचरांखालीच: आले इतके, संपले इतके. प्रत्येक पानाखाली साहेबाचा, तपासल्याचा शिक्का. खाडाखोड कुठेच नाही. म्हणजे ही चूक नव्हती, पद्धत होती. परक्या मुलखावर राज्य करताना बसलेली. सिंगापुरात मारण्याचा हुकूम तेवढा नवा होता.

हे मी दोघांना सांगितलं.

"केळकरसान," मोरीसान हळू म्हणाले, "आजोबा मला खांद्यावर घेऊन फिरायचे. पहिला मसुदाच राहू दे ना. मॅडमनाही तेवढाच त्रास कमी."

मॅडम लिमनी चष्मा काढून पुसला. इथल्या बोलीत वाक्याला जोडतात तो 'लाह' लावून म्हणाल्या, "माझा त्रास तू मोजू नकोस, लाह. माझ्या बाबाला काय समजून नेलं, तेच कागदावर पाहिजे."

मोरीसाननी वही स्वतःकडे ओढली. मग त्यांनी मागची पानं स्वतः उघडून माझ्यापुढे सरकवली. हीसुद्धा जोडा, म्हणाले.

मी नोंद परत खेचरांखाली नेली, मांचुरियाची दोन पानं जोडली आणि सही केली. मॅडम लिमनी ४१ या आकड्यावर बोट ठेवलं. "यातला एक," एवढंच म्हणाल्या.

हिशेबात चूक दिसली की दुरुस्तीआधी मागची पानं पाहावीत. पहिल्या मसुद्याचे चार तास, म्हणजे १८० डॉलर, मी बिलातून वगळले. मोरीसाननी मला ७२० दिले. मॅडम लिमकडून कोणी काही घेतलं नाही.