काकांचे मंगळवार

काळजी करण्यात आमच्या तळमजल्यावरच्या काकांचा हात धरणारा माणूस साऱ्या वाशीत नव्हता. तेव्हा वाशीत माणसंच कमी होती हे खरं, पण आजच्याएवढी असती तरी फरक पडला नसता. जमीन भराव घालून केलेली, म्हणून जिन्यात पाय आपटणाऱ्याला ते हटकत. खाडीच्या पुलावर बसची खिडकी सताड उघडून बसत. पोहता येत नव्हतं. पण "निदान बाहेर तरी पडू," म्हणत.

एका वर्षी काका गप्प झाले. आम्हाला आधी बरंच वाटलं. मग कळलं, ते जेवतही नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेले, छातीत सारखी धडधड, आणि "माझ्यामुळे सगळ्यांचं वाटोळं होणार," एवढंच पुटपुटणं. गोळ्या बदलून झाल्या, डॉक्टर बदलून झाले. शेवटी खाडीपलीकडच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "आता शॉक देऊ. उशीर केला तर माणूस हातचा जाईल." आभाळ गडगडलं की मेन स्विच बंद करणारा हा माणूस. त्याने एकच विचारलं, "मधेच लाईट गेली तर?"

शॉक दर मंगळवारी, तोही उपाशीपोटी. लोक वेडा म्हणतील म्हणून काकूंनी बिल्डिंगमध्ये सांगितलं, "ह्यांनी मंगळवार धरलेत." उपासाच्या माणसाला आमची बिल्डिंग उपाशी थोडीच ठेवणार? पहिल्याच मंगळवारी समोरच्या वहिनींनी सकाळी साबुदाण्याची खिचडी दिली. अन्नाला न शिवणाऱ्या काकांनी, उपासाचं नाकारलं तर देव कोपेल या भीतीने, चार घास गिळले.

"पेशंट उपाशी हवा, सांगितलं होतं ना?" भूल देणारे डॉक्टर वैतागले.

"उपाशीच आहेत," काकू म्हणाल्या. "फक्त खिचडी खाल्लीय."

शॉक पुढे ढकलला. काकूंना वहिनींपाशी खरं बोलावं लागलं. पुढच्या मंगळवारी वहिनी रिकाम्या हाताने आल्या आणि काकूंबरोबर बसमध्ये जाऊन बसल्या.

हळूहळू काकांची धडधड थांबली, भूक परतली. आजारपणाचे महिने मात्र शॉकमुळे डोक्यातून साफ पुसले गेले. एका संध्याकाळी माझ्यादेखत त्यांनी काकूंना विचारलं, "मी फार आजारी होतो का गं?" काकूंनी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सगळं सांगितलं.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि तू? तुला भीती नाही वाटली?"

त्या घरात घाबरायचं काम काकांचं. काकूंना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आम्हीसुद्धा. "वाटली की," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. काका उठले, त्यांना पाणी आणून दिलं, आणि त्या शांत होईपर्यंत शेजारी बसून राहिले.