सुईणीच्या हाताखाली खांदा

लढाईच्या दिवसांत मी चौकच्या शाळेत मास्तर होतो. एका थंडीत उजवा खांदा असा आखडला की हात कानाच्या वर जाईना. फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच माझं अध्यापन चालू होतं. तशात दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, सोमवारी येत असल्याचा निरोप आला. फळ्याच्या माथ्यावर सुविचार नसला की हे साहेब मास्तरच्या नावापुढे ‘नालायक’ असा शेरा मारत.

आधी कर्जतच्या एका वैद्यबुवांकडे गेलो. त्यांनी मर्दनाचा उगम सांगितला. ऋषी, यवन, चीन असं करत तासाभरात ते स्वतःच्या पणजोबांपर्यंत पोचले. खांद्याला हात मात्र लावला नाही. मला वाटतं, ज्याचा गुडघा पहिल्यांदा दगडावर आपटला त्यानं तो चोळला आणि हे शास्त्र तिथंच सुरू झालं. पुढचं सगळं पाठांतर.

सोमवारी सकाळीच बायकोनं मला लोधिवलीच्या सुईणीकडे नेलं. आमच्या तिन्ही मुलांची अंगं तिनंच रगडली होती.

“मावशी, मोठ्या माणसाचं जमेल ना?” बायकोनं विचारलं.

“मोटा म्हंजे काय गं? तेच आंग, नुसतं जुनं.”

लसूण घालून कढवलेलं तीळतेल घेऊन तिनं आधी कोपरापासून खांद्याकडे तळहातानं लांब, हलका हात फिरवला. “ऊन झाल्याबिगर दाबायचं नाय.” मग कणीक तिंबावी तसं मळलं. मग अंगठा एका गाठीवर ठेवून ती तशीच थांबली. मी ओरडलो.

“रडू नगं रं बाळा, झालं हां!”

इथून पुढे तिचे हात सवयीच्या वाटेला लागले. माझे दोन्ही हात छातीवर आडवेतिडवे ओढले, तेव्हा खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. मग तिनं चिमटीत नाक धरून ओढलं.

“अहो, नाक कशाला?”

“ते आता सरळ व्हायचं नाय, मास्तर. पर हाताला सवय.”

शेवटी ओव्याची धुरी दिली, गालाला बोट लावलं. बायकोनं पदर तोंडाला लावला. मी तसाच शाळेत गेलो आणि सुविचार थेट माथ्यावर लिहिला.

साहेबांनी फळ्याकडे पाहिलंच नाही. “मास्तर, गालावर काय ते?”

बोट लावून पाहिलं तर काजळ. तीट! सगळी हकिगत सांगावी लागली. साहेबांनी मुलांना मधली सुट्टी दिली, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“ती बाई कमरेचंही बघते का?”

“बघते,” मी म्हणालो. “पण नाक ओढून घ्यावं लागेल.”