तळ्याचा वरचा मजला

आता माझ्या मूर्खपणाचं कुठल्या तोंडानं वर्णन करू? चहा आधी संपवा, नाहीतर हसताना अंगावर सांडाल.

तीस वर्षं मी धारवाडात प्राणिशास्त्र शिकवलं. सॅमन आणि ट्राउट हा माझा हातखंडा विषय! एकाच तळ्यात ट्राउट काठच्या आडोशाला, सॅमनची पिल्लं मधल्या उघड्या पाण्यात. ज्याची त्याची जागा ठरलेली. दोन्ही मासे मी जन्मात पाहिले नाहीत. पण असल्या फालतू कारणानं शिकवायचं थांबेन, तो मी कसला?

तर माझा मेहुणा वसंता. चांगली नोकरी सोडून यानं शेतात तळं खणलं आणि मासे सोडले. कटला, रोहू, मृगळ! डोकं फिरलेला माणूस, दुसरं काय? वर्षभर पोटच्या पोरांसारखं जपलं त्यांना. आता त्याचं सगळं त्या माशांवरच होतं. विक्रीला आठ दिवस उरले आणि नेमकं केशवापुरात लग्न निघालं.

"भावजी, एक दिवस मळ्यावर राहा. एकच काम. यल्लव्वा म्हणाली की पंप लावायचा."

यल्लव्वा म्हणजे मळ्यावरची म्हातारी. शाळेची पायरी न चढलेली! तिच्या हुकमावरून बटण कोण दाबणार? मी? पंपाच्या खोलीची किल्ली मी मुद्दाम खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तळ्यावर गेलो. दोन दिवस आभाळ भरलेलं, वारा नाही. बघतो तर मासे पाण्यावर, तोंडं वासून!

यल्लव्वा धावत आली. "सर, पंप लावा! मीन सायाकत्तावरी!" मासे मरतायत म्हणे.

"सुम्मनिरवा!" मी तिला गप्प केलं. "हा कटला. हा वरच्या मजल्यावरच राहतो. रोहू मधे, मृगळ तळाला. शास्त्र आहे हे, काही कळतं का?"

"मग तो मृगळ वर का आलाय?"

खरंच मृगळ होता हो! पण मी हरतोय थोडाच? म्हटलं, "येतो एखादा फिरायला."

मग रोहू आले. मग सगळं तळंच वर आलं. मी आपला ट्राउटपासून सुरू करून सॅमनपर्यंत पोचलेलो. एवढ्यात एक कटला पोट वर करून उलटा झाला.

"आणि हा?"

"हा... विश्रांती घेतोय."

म्हातारीनं सरळ माझ्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि पळाली. पंप सुरू झाला, फवारे उडाले, हळूहळू तोंडं खाली गेली. तरी टोपलीभर मासे गेलेच.

दुपारी वसंता आला. टोपलीतला एकेक मासा उचलून बघू लागला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. "भावजी, पाण्यातली हवा संपली की मासे असे वर येतात. गुदमरत होते ते," एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यल्लव्वाला माझी दया आली असावी. जवळ येऊन हळूच विचारलं, "सर, तुम्ही शिकवताना वर्गातली पोरंपण अशीच तोंडं वासून बघायची का?"

"अगदी अशीच!" मला जरा धीर आला. "तीस वर्षं!"

"अय्यो पाप!" म्हातारी हळहळली. "आणि कुणी खिडकीसुद्धा उघडली नाही?"