हायब्रीडच्या टेबलावर सीतेची वेणी

मंडळी, वसईच्या ऑर्किड प्रदर्शनातून आत्ताच घरी आलेय, अजून हसतेय.

परीक्षक येण्याआधी मूळ जाती एका टेबलावर आणि संकरित दुसऱ्यावर लावायचं काम माझं. फिलोमिना मावशींनी वाडीतल्या आंब्यावरची सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं लोंबत्या तुऱ्यांचं ऑर्किड, आणून थेट संकरितांत ठेवली होती. मी ती उचलून मूळ जातींत नेली.

मावशी तापल्याच. "गावठी म्हणून बाजूला काढलंस नाय? अगं, आम्ही भातसुद्धा हायब्रीड लावतो!"

"तिथे ठेवली तर बाद होईल, मावशी." त्या रुसून बसल्या.

दुपारी त्याच वेणीला पहिलं बक्षीस! कुणीतरी कौतुकाने विचारलं, "हायब्रीड आहे का हो?"

मावशी कडाडल्या, "तोंड सांभाळ! अस्सल गावठी हाय."

तुमच्या आंब्यावर काय लोंबतंय, कधी मान वर करून बघितलंय?